माझ्यामागून म्हणा

प्रिय हेडबाई,

नऊ बाकं, पाठ टेकायला फळी असलेली. एक फळा, तीन तुकडे जोडून केलेला, पण सांध्यावरून बोट फिरवलं तर कळत नाही. शिकवणाऱ्याचं टेबल, खण डाव्या हाताला, कारण आपली पोरगी डावखुरी. खिडक्यांच्या झडपा, सगळ्या. बुटांची मांडणी. स्वयंपाकघरातलं कपाट, ज्याचं दार सोडलं की आपलं आपण मिटतं. वर्गाच्या छताला आणि भिंतींना फळ्यांचं अस्तर, एवढं नेमकं की शेवटच्या बाकावर पुढची कुजबूजसुद्धा पोहोचते. आणि एक हातांची खुर्ची, तिच्याबद्दल पुढं सांगतो. एवढं सगळं मी इथं आल्यापासून केलं. करवतीपासून पॉलिशपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तू म्हणशील, ह्यांचं डोकं फिरलं. ज्याचं डोकं फिरतं त्याला तीन तुकड्यांचा फळा जोडता येत नाही. एवढं ध्यानात ठेवून पुढं वाच.

तुला सलाम लिहायचा राहिलाच. सलाम. चोवीस वर्षांच्या संसारात मी तुला पत्र म्हणून कधी लिहिलं नाही. जे लिहिलं ते मापं होती, असं तूच सगळ्यांना सांगतेस, म्हणून तर मला इंजिनेर म्हणतेस. खरं आहे. पण आता फोन करता येत नाही. का ते शेवटी सांगतो, आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस.

आम्ही निघालो त्या दिवशी मंडळीतले सगळे निरोपाला आले होते, आठवतं ना. पाळकसाहेबांनी आपल्या पोरीच्या आणि जावईबापूंच्या डोक्यावर हात ठेवून केवढी लांबलचक प्रार्थना केली. दोघं एवढी तरणी, लग्नाला जेमतेम दोन वर्षं, आणि परक्या देशात इंग्रजी शिकवायची, सुवार्ता सांगायची, म्हणून सगळ्यांना कौतुक. आणि तुझ्या भावानं मात्र सगळ्यांसमोर मला विचारलं, "घरजावई ऐकला होता हो, हा घरसासरा कुठून निघाला?" हसले सगळे. मीही हसलो. पण पोरांना बोलावणाऱ्या संस्थेनं लिहिलं होतं की घर रिकामं आहे, बसायला पाट नाही, आणि परक्या सुताराचं काम मला बघवत नाही, हे तुला ठाऊक आहे. सहा महिन्यांत सगळं लावून देतो आणि परत येतो, असं मी म्हणालो होतो.

घर गल्लीच्या टोकाला आहे. खाली पुढं मोठी खोली, तिथं वर्ग भरतो. तिला लागून संस्थेचं ऑफिस, बाहेर पडवी. वर पोरांच्या दोन खोल्या. वरच मागं आणखी एक खोली, तिला बाहेरून कडी; संस्थेचं सामान असेल म्हणून आम्ही उघडली नाही. कोपऱ्यावर पाववाला, समोर शिंपी, चार घरं सोडून पोस्ट. माणसं भली. पहिल्या आठवड्यात आपल्या पोरीनं, भोंग्यानं, साखर म्हणून मीठ आणलं आणि जावईबापूंनी ते चहात घालून, चेहराही न हलवता, अर्धा कप प्यायला. तर दुसऱ्या दिवशी पाववाल्यानं स्वतःहून दोन पुड्या आणून दिल्या, एकीवर मिठाच्या खड्याचं चित्र, दुसरीवर उसाचं. कपडे वाळत नाहीत म्हणून शिंप्यानं आपल्या गच्चीची किल्ली दिली. पोरं हळूहळू रुळली. बसचे रंग ओळखायला लागली, दूधवाल्याशी हातवारे करून भांडायला लागली. भोंग्यानं पडदे लावले, तेही वाकडे. मी सरळ केले. तिनं परत वाकडे केले आणि म्हणाली, "बाबा, हे घर माझं आहे, तुमचं वर्कशॉप नव्हे." अगदी तू बोलल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकली. इथल्या मोठ्या माणसांना थोडं थोडं इंग्रजी येतं, आमच्या आधी इथं शिकवणाऱ्या बाईंनी शिकवलेलं. पाववाला इंग्रजीत बोलायला लागला की आधी दोनदा कोरडा खोकतो, उजवा हात कॉलरकडे नेतो, आणि मग वाक्य बोलतो, शेवटी थोडं वर नेऊन. मला वाटलं, पिठाची धूळ असेल. मग शिंपी तसाच खोकला. मग पोस्टमन. मग दूधवाला. तोच खोकला, दोनदाच, हात कॉलरकडे. आपसात इथल्या भाषेत बोलताना कुणी खोकत नाही. एकदा मी डोळे मिटून पडवीत बसलो आणि चौघांचं इंग्रजी ऐकलं. चार आवाज नव्हतेच. एका म्हाताऱ्या बाईचा एकच आवाज चार ठिकाणांहून येत होता. जावईबापूंना सांगितलं तर म्हणाले, "बाबा, तुम्ही लाकडाची शीर बघता तशी माणसांचीही बघायला लागलात." मी रंधा उचलून कामाला लागलो. मला कुणी वेड्यात काढलेलं चालत नाही.

शिकवण्याची पद्धत तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. संस्थेचा नियम असा की पुस्तक नाही, भाषांतर नाही. शिकवणारा म्हणतो, "माझ्यामागून म्हणा," आणि वाक्य बोलतो; वर्ग ते जसंच्या तसं म्हणतो. आपल्या उपासनेत पाळकांमागून म्हणतात तसं. ही माणसं इतकी प्रामाणिक की जे ऐकतील ते सगळं म्हणतात, काहीही गाळत नाहीत. पहिल्याच दिवशी भोंग्याच्या हातून खडू तुटला आणि ती म्हणाली, "अगं बाई!" तर बाकांवरची सगळी मोठमोठी माणसं, मिशावाला शिंपीसुद्धा, एका सुरात म्हणाली, "अगं बाई!" त्या दिवशी जेवताना आम्ही तिघं पोट दुखेपर्यंत हसलो. जावईबापू कसे हसतात ते तुला माहीत आहे, भांडी हलतात.

आणि पोरीचा आवाज! ती जन्मली तेव्हा नर्स म्हणाली होती, हिला मिलच्या दारावर बसवा, भोंग्याचा खर्च वाचेल. ते नाव तिला तेव्हापासून चिकटलं. वर्गाला असलाच आवाज लागतो. महिन्याभरात वर्ग असा तयार झाला की संस्थेकडून शाबासकी आली. मी छताखाली उभा राहून ऐकायचो आणि, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. तिच्या आवाजाचाही आणि माझ्या फळ्यांचाही.

मागच्या खोलीची झडप दुरुस्त करायची होती. बाहेरून शिडी लावून चढलो तर आत एक बाई. स्वच्छ पलंग, धुतलेली चादर, ग्लासात दूध. म्हाताऱ्या, नीट केस विंचरलेल्या. मला बघून हसल्या. ह्याच आधीच्या शिक्षिका. आपल्याला सांगितलं होतं की त्या निवृत्त झाल्या. कुठं गेल्या ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपणही विचारलं नव्हतं. मी नमस्कार केला, विचारपूस केली, त्यांनी फक्त मान हलवली. मी रंधा मारला तशी लाकडाची धूळ आत गेली आणि बाईंना खोकला आला. हेडबाई, खांदे हलले, तोंड उघडलं, उजवा हात कॉलरकडे गेला. आवाज आला नाही. कसलाही नाही, श्वासाचासुद्धा नाही. पण खाली गल्लीत पाववाला कुणा परक्या गिऱ्हाइकाशी इंग्रजी बोलत होता, तो त्याच वेळी खोकला. दोनदा.

योगायोग असेल, असं मी मनाशी म्हटलं. बाईंना उठता-बसताना त्रास होतो हे दिसलं म्हणून रुंद हातांची खुर्ची करून दिली. खुर्ची घेऊन गेलो त्या दिवशी पुढच्या खोलीत वर्ग चालू होता, भोंग्याचा आवाज भिंतीतून येत होता. बाईंनी माझं मनगट धरलं, त्या आवाजाकडे बोट केलं, आणि मग तोच तळहात माझ्या तोंडावर घट्ट दाबला. बराच वेळ. व्यवस्थापक दारात येऊन उभे राहिले तेव्हा सोडला. व्यवस्थापक म्हणजे संस्थेचे इथले वडीलधारे, नेहमी इस्त्रीच्या कपड्यात, नेहमी नम्र. त्यांना इंग्रजी येत नाही, कधी वर्गात बसत नाहीत, म्हणून इथल्या भाषेत, ती थोडीफार शिकलेल्या जावयामार्फत बोलायचे. ते म्हणाले, आम्ही बाईंना कशाचीही उणीव भासू देत नाही, मरेपर्यंत देणार नाही. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. खोट असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरची गोष्ट. सकाळी पाव घेऊन निघालो, दहा पावलं गेलो असेन, मागून हाक आली, "अहो बाबा, थांबा ना, पिशवी राहिली!" 'ना' वर आपल्या पोरीचा आवाज कसा अडकतो, तुला माहीत आहे. अगदी तसाच अडकला. मी हसत वळलो. दुकानाबाहेर पाववाला उभा होता, माझी पिशवी उंच धरून, तोंडभर हसत. भोंगा रोज फाटकातून मला तसंच ओरडून सांगते ना, ते त्यानं उचललं होतं. बिचाऱ्याला वाटलं, मला आवडेल. त्याच्या त्या पिठानं माखलेल्या मिशांतून माझी पोरगी बोलत होती. पिशवी घेतली, मान हलवली आणि चालायला लागलो. शिंप्याच्या दुकानातून तिचं गीत ऐकू येत होतं, जे ती भांडी घासताना गुणगुणते.

आणि घरी पोरगी घसा धरून बसलेली. आवाज बसलाय म्हणाली. वाफ घेतली, मध चाटला. डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं, घसा आरशासारखा स्वच्छ आहे म्हणाला. पण आवाज बसत बसत गेला, आणि मला त्यातली रीत दिसायला लागली. आधी इंग्रजी गेलं. जे वाक्य वर्गाला बिनचूक यायचं, ते दुसऱ्या दिवशी हिला यायचं नाही. ओठ हलायचे, बाहेर काही पडायचं नाही. मग आपली बोली जायला लागली. मी तिला वर्गात बसवलं, रिकाम्या, आणि एकेका वस्तूला हात लावत गेलो. बाक. तोंड उघडलं, शब्द नाही. फळा. नाही. खिडकी, दार, पाणी. नाही. काय सुचलं कुणास ठाऊक, मी हातातला रंधा वर धरला. आणि ती म्हणाली, "रंधा." खणखणीत! पूर्वीच्या आवाजात! पटाशी दाखवली, "पटाशी." गिरमिट, "गिरमिट." हे शब्द ती इथल्या कुणाच्या कानावर पडतील असं कधी बोललीच नव्हती, माझ्या कामाच्या बाकाशी लहानपणी शिकलेले. ती रडत होती, हसत होती, आणि "रंधा, रंधा" म्हणत होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. कारण पडवीत दोघं जण कोपऱ्यात उभे राहून लक्षपूर्वक ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

त्या दिवसापासून मी तिला बोलू देत नाही. वर्गही बंद केला. जावईबापू माझ्यावर रागावले. म्हणाले, "ही परीक्षा आहे बाबा, तुम्ही भुताखेतांच्या गोष्टी करू नका. वर्ग मी घेतो." आणि घेतला त्यांनी. मी अडवलं नाही. तरण्या माणसाच्या श्रद्धेला हात लावायचा नसतो, तिला खिळा मारून चालत नाही. पण पंधरवड्यातच मला जाणवलं की घरात भांडी हलत नाहीत. जावईबापू हसायचे, दात दिसायचे, बस. एका दुपारी आम्ही जेवायला बसलो. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, अन्नाबद्दल प्रभूचे आभार मानायला तोंड उघडलं. आणि प्रार्थना खिडकीबाहेरून आली. पडवीत आपापले डबे उघडून बसलेले विद्यार्थी ती म्हणत होते, आठ-दहा जण, जावईबापूंच्या आवाजात, त्यांच्याच लयीत, शब्दन् शब्द, मनापासून. शेवटी "आमेन" झालं. जावईबापूंचे ओठ तेव्हाही उघडेच होते. त्यांनी डोळे उघडले, पोरीकडे बघितलं, ताट न शिवता उठले आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

मी? माझं काही गेलेलं नाही. मी विचार केला तेव्हा कारण कळलं. मी जन्मात कुणाला "माझ्यामागून म्हणा" असं सांगितलं नाही आणि कुणाच्या मागून, उपासनेतसुद्धा, काही म्हटलं नाही. जे शिकलो ते बघून, तोडून, परत जोडून शिकलो. तू ह्याला माझा हेकटपणा म्हणतेस. असू दे. इथं तो कामाला आला.

आता फोनचं. गेल्या बुधवारी मी पोस्टातून तुला फोन केला, पोरीचा आवाज गेलाय हे सांगायला, परत येईल म्हणून इतके दिवस कळवलं नव्हतं, आणि बोलता बोलता एकदम ठेवून दिला. तू चिडली असशील. तू म्हणालीस, "काहीतरीच काय सांगता! रविवारी तर अर्धा तास बोलले मी तिच्याशी. आणि हल्ली किती गोड बोलते हो, जेवलीस का, औषध घेतलंस का, एकदाही माझ्यावर खेकसली नाही." हेडबाई, बसायला काही असेल तर बस. आपल्या पोरीला गेले पाच आठवडे "आई" म्हणता येत नाही. पूर्वी ती दर रविवारी ऑफिसातून तुझ्याशी बोलायची तेव्हा पडवी भरलेली असायची, सगळे शांत बसून ऐकायचे. तू पाच रविवार कुणाशी बोललीस ते मला माहीत नाही. आळीपाळीनं बोलत असतील. तू हे सांगत होतीस तेव्हा काउंटरमागं पोस्टमन माझ्याकडे बघत होता, त्याची मान तुझ्या आवाजाकडे कललेली होती, म्हणून मी फोन ठेवला. हे पत्र पुढच्या शहरात जाऊन टाकतो आहे. आमचे कागद आठवड्यात होतील, मग आम्ही तिघं निघू. म्हाताऱ्या बाईंना चला म्हटलं, त्यांनी मान हलवली, खुर्चीचे हात घट्ट धरले. तोवर फोन वाजला तर उचलू नकोस. चुकून उचललास तर एक शब्द बोलू नकोस, रागावूसुद्धा नकोस. तुझा राग मला इथल्या कुणाच्या तोंडून ऐकायचा नाही. आणि आम्ही आलो की पोरगी दारात उभी राहील आणि काही बोलणार नाही. तिला जवळ घे. बोलते ती तिकडची, न बोलणारी आपली. हे सांगायलाच पत्र लिहिलं. काल व्यवस्थापकांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं, जावयाला बोलावलं नाही. स्वतःच बोलले, तुझ्या-माझ्या भाषेत, आपल्या पोरीच्या आवाजात. "बाबा, बसा ना," म्हणाले. म्हणाले, तुम्ही एकटे जा, दोघांना इथंच राहू द्या, आम्ही त्यांना जन्मभर तळहातावर ठेवू. आणि आईनं काळजी करू नये, ती असेतो दर रविवारी फोन येईल, त्यात रडणं नाही, आजारपण नाही, भांडण नाही. शिवाय तुमच्या हाती रोख रक्कम. मी उभाच होतो. नाही म्हणालो, आणि तेही मान हलवून, तोंडानं नाही. आपल्या पैशांत चौदा लाख होते.

तुझाच,
इंजिनेर